आवळा देऊन कोहळा

इंटरनेटवर कोणी काय लिहावे, यावर आपल्याकडे पुष्कळ चर्चा होते. परंतु लिहिलेले वाचकापर्यंत कोणाच्या मर्जीने पोहोचावे, या प्रश्नाकडे सुशिक्षितांचेही लक्ष जात नाही. वस्तुतः हा दुसरा प्रश्न सुटल्यावाचून पहिल्यास अर्थ नाही. समान हशील भरलेल्या दोन पत्रांपैकी एक केवळ त्यातील मजकूर पाहून टपालवाल्याने मागे ठेवले, तर ते आपण क्षणभरही खपवून घेणार नाही. माहिती वाहून नेणाऱ्या कंपन्यांनी वेग, दर आणि प्रवेश या बाबतींत मजकुरा-मजकुरांत पक्षपात करू नये, एवढाच ‘नेट न्यूट्रॅलिटी’ या तत्त्वाचा आशय आहे.

या तत्त्वाचे मर्म समजण्यास परदेशी जाण्याचे कारण नाही. वृत्तपत्रांची पाने आणि किंमत यांची सांगड घालणारा १९५६ चा कायदा व त्याखालील १९६० चा हुकूम यांना पुण्याच्या ‘सकाळ’ने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. लहान पत्रांस साह्य व्हावे, असा हेतू सरकारने सांगितला होता. तरीही १९६१ साली न्यायालयाने ती बंधने रद्द ठरविली. कारण प्रसाराचे स्वातंत्र्य हे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचेच अंग होय. हेतू कितीही गोड असला तरी वाट अडविण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही, हा त्या निर्णयाचा धडा.

२०१५ साली याच धड्याची कसोटी लागली. ‘फेसबुक’ने ‘फ्री बेसिक्स’ नावाची योजना पुढे केली. निवडक संकेतस्थळे फुकट. उरलेल्या जगासाठी मात्र पैसे. हेतू सांगितला गेला गरिबांच्या कल्याणाचा! ज्याच्या खिशात पैसे नाहीत, त्याने जगाचा कोणता कोपरा पाहावा हे एका कंपनीने ठरवावयाचे, यास कल्याण म्हणावे काय? आवळा देऊन कोहळा काढण्याचाच हा प्रकार होता. त्याच वर्षी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने या विषयावर मते मागविली, तेव्हा दहा लाखांहून अधिक नागरिकांनी ईमेलद्वारे आपले म्हणणे कळविले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने मजकूर पाहून दर ठरविण्यास बंदी केली आणि उल्लंघनास दररोज पन्नास हजार, कमाल पन्नास लाख रुपये दंड ठेवला. २०१८ साली वेगातील पक्षपातासही परवान्याच्या अटींनी मज्जाव झाला.

कंपन्या म्हणतात, जाळे आम्ही उभारले, खर्च आमचा. मग दर ठरविण्याची मोकळीक का नको? मोकळीक जरूर असावी. अधिक माहिती वापरणाऱ्याकडून अधिक मोल घ्यावे, गर्दीच्या वेळी वाजवी नियंत्रणही करावे. नियमांस त्याचे वावडे नाही. परंतु ज्या लहरींवर हा व्यापार चालतो, त्या राष्ट्राच्या मालकीच्या आहेत. त्यातही आज मोबाईलची बाजारपेठ मुख्यतः दोन बड्या खाजगी कंपन्यांच्या हाती आहे. वाहून नेणारा आणि मजकूर विकणारा एकच झाला, की परक्याच्या मालास आडवाटेने पाठविण्याचा मोह त्यास होणारच. त्याची झळ धनाढ्य संकेतस्थळांना लागत नाही. ती लागते तालुक्याच्या गावाहून निघणाऱ्या छोट्या वार्तापत्राला आणि सत्तेला न रुचणारे बोलणाऱ्या एकट्या लेखकाला.

या तत्त्वाने सर्व संकटे टळतात, असे आम्ही मानीत नाही. सरकारच जेव्हा इंटरनेट बंद करते, तेव्हा ही ढाल उपयोगी पडत नाही. त्यासाठी वेगळा लढा आवश्यक आहे. परंतु हातची ढाल तरी गंजू देऊ नये. अमेरिकेत २०१५ साली केलेले नियम २०१७ मध्ये रद्द झाले, २०२४ मध्ये परत आले आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने पुन्हा मोडीत काढले. आपल्याकडेही हे तत्त्व विनियम आणि परवान्याच्या अटी यांवर उभे आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात ते नावानिशी लिहिलेले नाही. जे नियमाने मिळाले, ते नियम बदलून काढूनही घेता येते. म्हणून संसदेने हे तत्त्व कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहावे, आणि दहा लाख ईमेल पाठविणाऱ्या नागरिकांनी ते लिहिले जाईपर्यंत स्वस्थ बसू नये.