बापाची शाळा कोण घेणार?

सकाळी फिरायला म्हणून मी नागपुरातल्या मानकापूरच्या क्रीडा संकुलाकडे निघतो आणि पोह्याच्या ठेल्यावर थांबतो. परवा तिथे एक गृहस्थ भेटले. मुलगा आत मैदानावर धावत होता, हे बाहेर तर्री-पोहे हाणत होते. स्कूटरच्या हूकला पिशवी, पिशवीत प्रोटीन पावडरचा भलामोठा डबा.

"पोरगं काय खाऊन आलं?" मी विचारलं.

"काही नाही. धावाले खाली पोटच बरं राह्यते नं भाऊ. मंग पावडर देतो."

"डब्यावर काय लिहिलंय?"

"इंग्रजीत हाये. जिमवाल्यानं सांगतलं म्हनून घेतला."

आता थोडं शहाणपण. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या आहार मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर घेणं टाळाच म्हटलं आहे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं असतात, मूठभर हरभऱ्यात जवळपास तेवढीच. आणि पोळी-भात पोटभर मिळाला नाही, तर शरीर प्रथिनंच जाळून भागवतं. म्हणजे हजारोंची पावडर भाताचं काम करते.

हे त्यांना सांगितलं. त्यांनी आणखी तर्री मागितली.

पालकांनीच शिकून घेण्याचं उदाहरण शोधायला नागपूरला लांब जायला नको. आपली मालविका बनसोड घ्या. आई-वडील दोघेही दंतवैद्य. लेक बॅडमिंटन खेळते म्हणून आईने क्रीडाविज्ञानाचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं. जानेवारी २०२२मध्ये दिल्लीच्या इंडिया ओपनमध्ये मालविकाने सायना नेहवालला हरवलं, तेव्हा शहरभर पेढे वाटावेत असा आनंद झाला होता. प्रत्येक घराला एवढं जमणार नाही, कबूल. पण शिकायला आईच बसली, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

कारण सगळीकडे हेच. आहारावर पालकसभा ठेवली की वह्या घेऊन आया येतात. बाप पार्किंगमध्ये फोनवर. आई घरी जाऊन चणे भिजवते, केळी आणून ठेवते, सरावाआधी काहीतरी खाऊन जा म्हणून मागे लागते. संध्याकाळी बाप डबा घेऊन येतो आणि म्हणतो, चण्यानं काय होते? पैसे त्याच्या खिशात, सल्लागार त्याच्या जिममध्ये, आणि स्पर्धा हरली की दोष आईच्या स्वयंपाकाचा! पोरगी खेळत असेल तर आणखी मजा. तिला तूप नको, भात नको, जाडी होईल म्हणणारे आजोबाही सभेला कधी येत नाहीत.

पोह्यांशी माझं वैर नाही, गैरसमज नको. पोरालाही त्यातले दोन घास, तर्रीशिवाय, सरावाआधी दिले असते तर चाललं असतं.

तेव्हा तमाम प्रशिक्षकांना विनंती: पुढच्या सभेचा निरोप आईच्या नव्हे, बापाच्या फोनवर पाठवा. आणि सभा रविवारी ठेवा, म्हणजे ऑफिसचं निमित्त चालणार नाही.