तिकिटाला निमित्त कशाला?

गेल्या महिन्यात आमच्या भिशीत एक गंमत झाली. आम्ही नऊजणी. चहा-चिवडा झाला, चिठ्ठी निघाली आणि मी सहज म्हटलं, "अगं, या वेळी सगळ्याजणी मिळून सिनेमाला जाऊ या का?" क्षणभर कुणी बोललंच नाही. मग एक म्हणाली, "थोडे दिवस थांब, मोबाइलवर येतोच की. कशाला उगीच पैसे घालवायचे?" दुसरी म्हणाली, "मुलाची परीक्षा होऊ दे, मग बघू." आणि तिसरी हळूच म्हणाली, "ह्यांना विचारून सांगते."

घरी येईपर्यंत ते तिसरं वाक्य माझ्या डोक्यात घोळत राहिलं. भाजीला जाताना आपण "ह्यांना" विचारत नाही. देवळात, दवाखान्यात, मुलांच्या शाळेत जाताना विचारत नाही. पण स्वतःच्या मजेसाठी तीन तास बाहेर बसायचं म्हटलं, की विचारावं लागतं. काहीतरी निमित्त शोधावं लागतं. आणि मैत्रिणींनो, हे आजचं नाही बरं का! आपल्या देशात सिनेमा आला, त्या दिवसांपासूनची ही गोष्ट आहे.

७ जुलै १८९६. मुंबईत काळ्या घोड्याजवळ वॉटसन हॉटेल होतं, साहेबलोकांचं. तिथं त्या संध्याकाळी फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं पहिल्यांदा दाखवली गेली. ती घेऊन आलेला त्यांचा माणूस, मारियस सेस्तिए, खरं तर ऑस्ट्रेलियाला निघाला होता. मुंबई हे वाटेतलं बंदर, म्हणून तो इथं उतरला! त्या काळी बोटीतून येणारी बरीच नवलं आधी मुंबईला लागायची. स्टेशनात शिरणारी आगगाडी, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, अशी मिनिटभराचीसुद्धा नसलेली चित्रं. तिकीट मात्र रोख एक रुपया.

आठवडाभरातच, १४ जुलैपासून, हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात सुरू झाले. हे नाटकांचं थिएटर. तिथं लवकरच दर बदलले, चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत तिकिटं झाली. आणि त्याच जुलैत एक नवी सोय जाहीर झाली. पडदानशीन बायका आणि त्यांच्या कुटुंबांसाठी राखीव बॉक्स!

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कौतुकच वाटलं. सिनेमा येऊन महिनाही झाला नाही, तोवर कुणाला तरी बायकांची आठवण झाली! पण जरा विचार केला तर त्यात व्यवहारही दिसतो. बाई आली की तिच्याबरोबर अख्खं घर येतं, हे थिएटरवाल्यांना कळलं नसेल असं थोडंच आहे? आणि बाईनं यायचं कसं, तर राखीव जागेत, कुटुंबाबरोबर. एकटीनं नाही.

अर्थात त्या सोयीला नुसती नावं ठेवून चालणार नाही. तेव्हाच्या मुंबईत करमणुकीची बरीच गर्दी ग्रँट रोडच्या बाजूला. तिथं इतकी नाटकगृहं होती की 'प्लेहाऊस'चं लोकांनी 'पिला हाऊस' करून टाकलं. पारशी कंपन्यांची नाटकं, गाणी, जादूचे खेळ, असं बरंच काही तिथं. आणि शेजारीच कामाठीपुरा. घरंदाज म्हणवणाऱ्या बाईनं रात्री त्या रस्त्यानं जाणं म्हणजे केवढी चर्चा! अशा वेळी एक वेगळा बॉक्स म्हणजे केवढा आधार वाटला असेल. आडोशाला का होईना, तिला बसायला एक खुर्ची मिळाली.

आता पुढची गोष्ट बघा. ही तर आपल्या घरची. दादासाहेब फाळक्यांनी गिरगावात 'ख्रिस्ताचं जीवन' हा चित्रपट पाहिला आणि ते झपाटून गेले. पुन्हा पाहायला गेले तेव्हा पत्नी सरस्वतीबाईंना बरोबर घेऊन गेले. पुढे सिनेमा काढायचा ठरला, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं पाडायचं किचकट काम त्या शिकल्या. वर युनिटमधल्या साऱ्यांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. आणि हे सगळं लेकरं सांभाळून!

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. त्या वेळी नुसता सिनेमा दाखवून भागत नसे. त्याच खेळात आयरीन डेलमार या बाईंचं गाणं आणि नाच होता, विनोदी नकला होत्या, पायांनी वस्तू झेलणारा अलेक्झांडर नावाचा कसरतपटू होता. म्हणजे रंगमंचावर जिवंत बाई नाचत होती. आणि पडद्यावर तारामती कोण, तर अण्णा साळुंके! फाळक्यांनी जाहिरात दिली, नाचगाण्यावर पोट असणाऱ्या बायकांनाही विचारून पाहिलं, पण सिनेमात काम करायला बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणाऱ्या साळुंक्यांनी साडी नेसली.

त्याच मे महिन्यात बायकामुलांसाठी अर्ध्या दरात खास खेळही ठेवला गेला. म्हणजे हिशेब असा झाला. पडद्यावर बाई नाही. पडद्यासमोर अर्ध्या तिकिटात. पडद्यामागं मात्र पूर्ण बाई, दागिन्यांसकट!

पण वर्षभरातच चित्र थोडं बदललं. फाळक्यांच्या पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, अशा दोघी मायलेकी पडद्यावर आल्या. लोकांनी नावं ठेवली असतील, नाही असं नाही. पण कुणीतरी आधी जावं लागतं. मग वाट पडते.

मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. फाळक्यांचे हे सुरुवातीचे सिनेमे देवादिकांचे, पुराणातले होते. त्यामुळं बायकांचं घराबाहेर पडणं सोपं झालं असणार. "देवाचं आहे" म्हटलं की घरातल्या मोठ्यांना नाही म्हणता येत नाही. पुढं १९७५ साली 'जय संतोषी माँ' आला तेव्हा बायका थिएटरात चपला काढून बसल्या, पडद्यावर फुलं आणि पैसे वाहिले. श्रद्धा खरी होती, प्रश्नच नाही. पण त्या श्रद्धेच्या आडून तीन तासांची मोकळीकही मिळत होती, हेही तितकंच खरं.

आमच्या सासूबाई आता अठ्ठ्याहत्तरच्या. भिशीतला किस्सा त्यांना सांगितला तर पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. म्हणाल्या, "अगं, मी संतोषी माँ तीनदा बघितला असं सगळ्यांना सांगते ना, त्यातला तिसरा दुसराच होता!" कुठला, ते काही केल्या सांगेनात. पन्नास वर्षं जपलेलं गुपित! मी हसले खरी, पण नंतर वाईटही वाटलं. एवढ्याशा आनंदासाठी या माउलीला देवाच्या नावावर खोटं बोलावं लागलं.

आता ते राखीव बॉक्स नाहीत. पण किती तरी गावांतली टॉकीजही बंद पडली, कुठं मंगल कार्यालय झालं, कुठं गोडाऊन. सिनेमा हातातल्या मोबाइलवर आला. सोय झाली, मान्य. पण आपण तो बघतो कसा? भाजी निवडता निवडता, कुकरच्या शिट्ट्या मोजत, कुणी हाक मारली की मध्येच थांबवून. कानात ते बोंडूक घालून, एकटीच. मला तर हा नवा पडदानशीन बॉक्सच वाटतो. फरक इतकाच की हा आपण स्वतःच राखून ठेवलाय, आणि तोही स्वयंपाकघरात.

२०२३ साली 'बाईपण भारी देवा' आला तेव्हा आठवतंय का? सहा बहिणींची गोष्ट. बायका ठरवून, नटूनथटून, घोळक्यानं थिएटरात गेल्या. सासवा-सुना, बहिणी-बहिणी. पण तेव्हाही निमित्त "बायकांचा सिनेमा आहे" हेच होतं. मी म्हणते, दर वेळी सिनेमा देवाचा किंवा बायकांचाच कशाला हवा? मारामारीचा असू दे, भुताचा असू दे. आपल्याला बघावासा वाटला, एवढं कारण पुरे नाही का?

कुणी म्हणेल, सिनेमाचं एवढं काय घेऊन बसलात? बायकांचे प्रश्न काय कमी आहेत? खरंय. पण जिला तीन तास स्वतःसाठी मागता येत नाहीत, ती मोठ्या गोष्टी कधी मागणार? अंधारात, चार अनोळखी माणसांत, स्वतःच्या पैशानं काढलेल्या खुर्चीवर बसून खळखळून हसणं किंवा मनसोक्त रडणं, ही चैन नाही. आपणही या गावातली माणसं आहोत, याची ती पावती आहे.

तर आमच्या भिशीनं ठरवलंय. पुढच्या महिन्यात दुपारचा खेळ, म्हणजे अंधार पडायच्या आत परत. दोन रिक्षा ठरवायच्या, डबा सकाळीच करून ठेवायचा. नऊपैकी सहाजणी तयार झाल्या आहेत. "ह्यांना विचारून सांगते" म्हणणारीचा काल फोन आला. म्हणाली, "विचारलं नाही गं. येतेय, असं सांगितलं."

सातवी कोण, ओळखलंत ना? आमच्या सासूबाई! या वेळी मात्र सिनेमाचं खरं नाव सांगून निघणार आहेत.