कोवळ्या मनांवरचे घाव

आपल्या सीमेतून कोणी आत यावे हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे. तो अमेरिकेलाही आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्या अधिकाराची किंमत अजाण लेकरांच्या मनःस्वास्थ्यातून वसूल करावयाची काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

२०१८ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी ‘शून्य सहिष्णुते’चे धोरण पुकारले. सीमा ओलांडणाऱ्या आईबापांवर खटले भरावयाचे आणि तुरुंगात मुलांना जागा नाही म्हणून ती हिरावून घ्यावयाची! ग्वाटेमाला, होंडुरास येथील दारिद्र्य व गुंडटोळ्यांची दहशत यांतून सुटू पाहणाऱ्या हजारो कुटुंबांची ताटातूट झाली. जूनमध्ये न्यायमूर्ती डेना सब्रॉ यांनी पाच वर्षांखालील मुले चौदा दिवसांत व इतर तीस दिवसांत आईबापांच्या हवाली करण्याचा हुकूम दिला. तेव्हा कोणते मूल कोणाचे याची धड नोंदही सरकारपाशी नव्हती! आईबापांनी आपल्याला टाकून दिले, अशी काही मुलांची समजूत झाली होती, हे २०१९ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनीच नमूद केले.

ही ताटातूट न्यायालयाने थांबविली. भीती मात्र थांबली नाही. शाळा, रुग्णालये व प्रार्थनामंदिरे येथे धरपकड शक्यतो टाळावी, हा दंडक जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला. परवाना नसलेल्या मुलालाही शाळेचा हक्क आहे, असा निवाडा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच दिला आहे. पण संध्याकाळी घरी परतल्यावर आई दिसेल की नाही, या धास्तीने ग्रासलेल्या मुलाचे चित्त पाटीवर कसे ठरावे? यांतील कित्येक मुले तर जन्माने अमेरिकेचीच नागरिक आहेत! आणि या दुखण्याची खरी मेख अशी की, ज्या भीतीने मन आजारी पडते तीच भीती दवाखान्याची वाटही अडविते.

यावर इलाज अवघड नाही. शाळा व दवाखाने पुन्हा निर्भय करा. मुलांचे दुःख त्यांच्याच भाषेत ऐकून घेणारे जाणकार तेथे नेमा. आईबापांचा न्याय न्यायालयात होऊ द्या. त्याची शिक्षा लेकरांना नको. आज भेदरलेली ही मुलेच उद्या त्या देशाची नागरिक म्हणून वावरणार आहेत, याचा विसर वॉशिंग्टनला पडू नये, असे आम्हांस वाटते.