विश्लेषण : शॉर्ट फिल्म आधी यूट्यूबवर टाकली, तर ऑस्करची वाट बंद होते?

शिरूर तालुक्यातील निमोणे असो की पुणे शहर, शॉर्ट फिल्म आता मोबाइलवरही शूट होते. मात्र ती लगेच यूट्यूबवर टाकण्याची घाई महागात पडू शकते.

पुण्यातून ऑस्करपर्यंत कसे?
एफटीआयआयचे विद्यार्थी चिदानंद नाईक यांच्या ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो’ या कन्नड लघुपटाने २०२४ मध्ये कान महोत्सवातील ‘ला सिनेफ’ या विद्यार्थी विभागात पहिला पुरस्कार पटकावला. २,२६३ प्रवेशिकांमधून १८ चित्रपट निवडले गेले होते. पुढे हा लघुपट ऑस्करच्या स्पर्धेसाठीही पात्र ठरला.

नियम काय?
श्रेयनामावलीसह लांबी ४० मिनिटांपर्यंतच हवी. ऑस्करच्या यादीतील महोत्सवात ठरावीक पुरस्कार मिळवणे, हा पात्रतेचा एक मार्ग. बेंगळूरु आंतरराष्ट्रीय लघुपट महोत्सव या यादीत आहे. त्याआधी पूर्ण फिल्म टीव्ही किंवा इंटरनेटवर दाखवली, तर ती बाद होते.

मग काय करावे?
आधी महोत्सवांचे नियम वाचा, प्रवेशिका पाठवा; तोवर छोटा ट्रेलर पुरेसा. फिल्म फक्त गावकऱ्यांपर्यंत पोहोचवायची असेल, तर यूट्यूब आहेच. निर्णय मात्र ‘अपलोड’चे बटण दाबण्यापूर्वी घ्यायला हवा.