एकविसावा प्रश्न

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ने २०१७च्या नव्या पद्धतीत विद्यार्थ्यांनाही विचारायचे ठरवले. ‘विद्यार्थी समाधान सर्वेक्षण’ असे त्याचे भारदस्त नाव. प्रश्न एकवीस. पैकी वीस प्रश्नांची उत्तरे छापील पर्यायांतून निवडायची. वर्गात अभ्यासक्रम किती टक्के शिकवून झाला, हा पहिला. प्रोजेक्टरसारखी साधने किती टक्के शिक्षक वापरतात, असाही एक. एकविसावा तेवढा मोकळा : शिकणे-शिकवणे सुधारावे म्हणून तीन सूचना करा.

हे सर्वेक्षण ई-मेलवर येते. गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यातल्या मालेवाडा-पुराड्याकडच्या कितीतरी मुलांचा ई-मेल शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना नेट कॅफेवाल्याने काढून दिलेला असतो आणि पासवर्डही त्यालाच ठाऊक असतो. मग सर गठ्ठ्याने मुलांना संगणक कक्षात बसवतात आणि ‘चांगलेच भरा रे’ असे बजावतात. मुले चांगलेच भरतात. एकविसाव्या प्रश्नाखाली ‘गुड’ लिहून मोकळी होतात. त्यात मुलांचा दोष नाही. आपण लिहिले म्हणून काही बदलले, असे त्यांनी कधी पाहिलेले नाही.

याखेरीज महाविद्यालयांचा स्वतःचा अभिप्राय-अर्ज असतोच. त्यासाठीही ‘नॅक’ने पायऱ्या ठरवून दिल्या : अभिप्राय गोळा केला, त्याचे विश्लेषण केले, कार्यवाही केली, अहवाल संकेतस्थळावर टाकला. जितक्या पायऱ्या चढाल तितके गुण. पायऱ्या वाईट नाहीत. पण गुण मिळतात ते फायलीला. म्हणून गूगल फॉर्मची लिंक सत्र संपताना व्हॉट्सअॅपवर पडते. ज्यांनी सोसले ती मुले तोवर परीक्षेला लागलेली असतात. सुधारणा झालीच तर ती पुढच्या तुकडीच्या वाट्याला. स्वतःला काडीचा उपयोग नसलेली तक्रार कोण मन लावून लिहील?

खरी मेख याच्याही पुढे आहे. अभ्यासक्रम कसा वाटला, असे विचारते महाविद्यालय. अभ्यासक्रम ठरवते विद्यापीठाचे अभ्यास मंडळ. संलग्न महाविद्यालयाला त्यातला एक घटकही परस्पर गाळता येत नाही की घालता येत नाही. मग कार्यवाही म्हणजे काय, तर विद्यापीठाला पत्र पाठवले. जावक क्रमांक पडला, पायरी चढली. ज्याच्या हाती काही नाही तो विचारतो आणि ज्याच्या हाती आहे तो विचारत नाही, अशी ही व्यवस्था आहे.

गोंडवाना विद्यापीठ २०११मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळे झाले ते केवळ गुणपत्रिकेच्या दुरुस्तीसाठी नागपूर गाठावे लागू नये म्हणून नव्हे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोनच जिल्ह्यांचे विद्यापीठ इथल्या जंगलाला, इथल्या माणसांना ओळखेल, ही त्यामागची अपेक्षा होती. ती पुरी करायची तर इथल्या मुलांना विचारण्याजोगे पुष्कळ आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या मुलांना फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंग लावले. कुरखेड्यात कारखाना नाही, मोठी कंपनी नाही. मुलांनी ट्रेनिंग करायचे कुठे? याचे उत्तर मुलांच्या गावातच आहे. २००६च्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोली जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदूपत्ता आणि बांबू स्वतः विकतात. फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, तेंदूपत्त्याचे पुडके मोजून घेणे, मजुरीचा हिशेब, ठरावाचे इतिवृत्त, वाहतूक परवाना, लेखापरीक्षण ही कामे गावातली शिकलेली पोरेच करतात. वाणिज्याला, राज्यशास्त्राला, वनस्पतिशास्त्राला याहून जिवंत प्रशिक्षण कोणते? पण हे सांगायला वीस प्रश्नांत जागा नाही. रोवणीच्या दिवसांत वर्ग रिकामे का राहतात आणि एसटी उशिरा आली की पहिला तास रोज कुणाचा बुडतो, हेही त्यांत बसत नाही.

विचारून बदलणे म्हणजे काय, याचा धडा याच जिल्ह्यात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६मध्ये ‘सर्च’ ही आरोग्यसंस्था सुरू केली. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतींची भीती वाटते, असे उत्तर आले. मग ‘सर्च’च्या शोधग्राम या परिसरातले रुग्णालय झोपड्यांच्या गावासारखे बांधले गेले आणि त्याला लोकांच्या दंतेश्वरी मातेचे नाव दिले गेले. तिथे कोणी एक ते पाच गुण मागितले नव्हते. विचारणाऱ्याच्या हाती बांधकाम होते आणि ऐकलेले अंगी लावून घेण्याची तयारी होती.

एक सावधगिरी मात्र हवी. अभिप्राय म्हणजे शिक्षकाला झोडपण्याचा दंडुका नव्हे. विद्यार्थ्यांनी शिक्षकाला दिलेले गुण आणि विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष शिकणे यांचा फारसा मेळ बसत नाही, असे परदेशातल्या संशोधनातून पुढे आले आहे. शिक्षिकांना हात आखडून गुण मिळतात, हेही दिसले आहे. गुणांवरच नोकरी तोलली तर तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक कडक शिकवणार नाही, गोड बोलेल. तेव्हा सर कसे आहेत हे विचारू नये. कुठे अडले, काय कळले नाही, कशाचा उपयोग झाला, हे विचारावे.

‘नॅक’ची पद्धत आता पुन्हा बदलू घातली आहे. नवी कशीही येवो, विद्यापीठाला तिची वाट पाहण्याचे कारण नाही. सत्राच्या सहाव्या आठवड्यात मराठीत तीनच प्रश्न, नाव न लिहिता, साध्या कागदावर विचारावेत. वर्गापुरते उत्तर शिक्षकाने आठवड्याभरात वर्गातच द्यावे : हे बदलतो, हे बदलता येत नाही, कारण हे. अभ्यासक्रमाविषयीचे कागद थेट अभ्यास मंडळाच्या बैठकीत ठेवावेत आणि त्यावर काय ठरले ते महाविद्यालयांना लेखी कळवावे. याला निधी लागत नाही, समिती लागत नाही. आणि एवढेही करायचे नसेल तर लिंक पाठवणे बंद करावे. मुलांचा नेटपॅक तरी वाचेल.