अभिमान आहे, अंक द्या

सध्या मी दोनच कामं करतोय. दिवाळी अंक वाचणं आणि ते लपवणं. त्यातलं वाचणं सोपं आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा शेजारच्या अण्णांनी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. "ज्ञानोबांची भाषा हो!" म्हणताना त्यांचा गळा दाटून आला. मीही गहिवरलो. पण दिवाळी येताच हेच अण्णा दारात हजर. "अंक आले का? वाचून झाले की द्या बरं!"

यंदा मात्र मी तोंड उघडलं. "अण्णा, काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तो काय शेजाऱ्याकडून मागून वाचण्यासाठी? पेढ्यांच्या पैशात दोन अंक तरी आले असते! दर्जा मिळायला जुने ग्रंथ लागतात. पण भाषा जगायला आजचं गिऱ्हाईक लागतं. जो लिहितो त्याला मानधन द्यायचं, तर कुणीतरी अंक विकत घ्यायला नको?"

अण्णा काही बोलले नाहीत. माझ्या कपाटाशी गेले, तळातून एक जीर्ण अंक काढला आणि पुढ्यात धरला. पहिल्याच पानावर त्यांची सही. मी १९९८ साली 'दोन दिवसांत देतो' म्हणून आणलेला!

आता तह झालाय. पुढल्या दिवाळीला चार अंक ते घेणार, चार मी. लपवायचे मात्र दोघांनीही.