दान आणि हक्क

विद्यार्थिमित्रांनो, ज्या वर्गात बसून तुम्ही हा पाठ वाचीत आहात, त्याच्या भिंतीकडे क्षणभर पाहा. ती कोणी बांधली, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? इमारतीच्या कोनशिलेवर उद्घाटकाचे नाव कोरलेले असते. विटा वाहणाऱ्याचे नसते. कोनशिलेवर ते नसले तरी फारसे बिघडत नाही. परंतु ठेकेदाराच्या वहीतही ते नसेल, तर संकटकाळी काय घडते, हे आपल्या देशाने २०२० साली पाहिले.

त्या वर्षी कोरोनाची साथ पसरली. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि अवघ्या चार तासांत ती देशभर लागू झाली. 'घरात राहा' हा उपदेश सर्वांना सारखाच होता. पण सर्वांची घरे सारखी नव्हती. ज्याचे मासिक वेतन चालू होते, त्याला घरी बसूनही दोन घास मिळत होते. रोजंदारीवर पोट असणाऱ्याची चूल मात्र काम थांबताच विझली. त्यातून तो परप्रांतीय असला, तर शिधापत्रिका गावी आणि माणूस शहरात! केंद्र सरकारने दरमहा माणशी ५ किलो धान्य मोफत देऊ केले. परंतु शिधापत्रिका नसलेल्या स्थलांतरितांसाठी तशी सोय मे महिन्याच्या मध्यास, म्हणजे सात आठवड्यांनी जाहीर झाली. तोवर लाखो माणसे मुलाबाळांसह पायीच गावाकडे निघाली होती.

जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारे मध्य प्रदेशातील काही मजूर असेच निघाले. भुसावळहून गावाकडे जाणारी गाडी मिळेल, या आशेने ते रेल्वेमार्गाच्या कडेने चालू लागले. रात्रभराच्या चालीने थकून करमाडजवळ ते रुळांवरच निजले. प्रवासी गाड्या बंद होत्या. मालगाड्या चालू होत्या. ८ मे रोजी पहाटे आलेल्या मालगाडीखाली त्यांतील सोळा जण मृत्युमुखी पडले. उजाडले तेव्हा त्यांच्या शिदोरीतील पोळ्या रुळांवर विखुरलेल्या होत्या.

कोणी म्हणेल, "साथ अकल्पित होती, यात दोष कोणाला द्यावा?" साथ अकल्पित होती हे खरे, पण मजुरांची असहायता अकल्पित नव्हती. परराज्यांतून आणलेल्या मजुरांची नोंद ठेवावी, त्यांना प्रवासभत्ता द्यावा, असा कायदा १९७९ सालीच झाला होता. तो बव्हंशी कागदावरच राहिला.

दुसरे कोणी म्हणेल, "लोकांनी वाटेवर अन्न दिले, चपला दिल्या, माणुसकी मेली नव्हती." त्या दात्यांना माझा नमस्कार असो. तथापि दान हे देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते. आज मिळाले, उद्या मिळेलच असे नाही. आणि घेणाऱ्याला हात पसरावा लागतो. ज्याने आपली घरे बांधली, त्याने आपल्याच दारी हात का पसरावा?

आपल्या महाराष्ट्राला या प्रश्नाचे उत्तर पूर्वी एकदा सापडले होते. १९७२ च्या दुष्काळात लाखो लोकांना सरकारी कामांवर रोजगार मिळाला. त्या अनुभवातून १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा संमत केला. 'मागेल त्याला काम' हा त्याचा मंत्र. गावच्या माणसाला काम मागण्याचा हक्क मिळाला. गाव सोडून गेलेल्याच्या मागोमाग मात्र असा हक्क गेला नाही.

अलीकडे काही पावले पडली आहेत. २०२१ साली असंघटित कामगारांची देशव्यापी नोंदणी सुरू झाली. एकाच शिधापत्रिकेवर देशात कोठेही धान्य घेता येते. हे चांगलेच आहे. पण पुरेसे नाही. आजारात औषध, काम बंद पडल्यास निर्वाहापुरते वेतन आणि राहण्यास छप्पर, एवढे तरी मजूर जेथे जाईल तेथे त्याच्याबरोबर गेले पाहिजे.

मुलांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी अधिकारी होईल, कोणी कारखानदार, कोणी ठेकेदार. मजुरांची नावे लिहावयाची वही कधीतरी तुमच्या हाती येईल. त्या वहीतून एकही नाव गळू देऊ नका.